खेळण्यातले ओझे

खेळण्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील खेळणी एखाद्या वस्तूसारखी दिसतात. दुसऱ्या वर्गातील खेळणी त्या वस्तूसारखी वागतात. पोळ्याचा मातीचा बैल बैलासारखा दिसतो, पण तो नांगर ओढत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करीत नाही. त्याला कल्पनेनेच चालवायचे असते. भोकाभोकांच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून उभ्या केलेल्या यारीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील तरफ ही तरफेची प्रतिकृती नसते, ती तरफच असते. तिच्यातील कप्पी लहान असेल, पण कप्पी म्हणून ती खरीच असते. म्हणून अशा खेळण्याची परीक्षा नुसत्या दिसण्यावरून करून भागत नाही. ते ओझे उचलते का, आणि खरे यंत्र ज्या कारणाने उचलते त्याच कारणाने उचलते का, हे विचारावे लागते.

या खेळण्याचा जन्मही ओझ्यांच्या गावीच झाला. लिव्हरपूल हे इंग्लंडचे मोठे बंदर. तेथे मांस आयात करणाऱ्या एका पेढीत हिशेबनीस असलेला फ्रँक हॉर्नबी आपल्या दोन मुलांसाठी पत्रा कापून पूल, ट्रक आणि यारी अशी खेळणी करीत असे. प्रत्येक खेळण्याचे भाग निराळे, एकाचे दुसऱ्याला न चालणारे. ठरावीक अंतरावर भोके पाडलेल्या पट्ट्या केल्या तर त्याच भागांतून आज पूल आणि उद्या यारी करता येईल, ही कल्पना त्याला सुचली आणि १९०१ मध्ये त्याने तिचे पेटंट मिळवले. दोन भोकांमधील अंतर अर्धा इंच ठरले आणि ते पुढे बदलले नाही. १९०७ पासून या खेळण्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळाले. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील त्याचा प्रसिद्ध कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. तरीही जगभर अनेकांच्या घरी त्या पट्ट्या अजून आहेत आणि एकमेकींना जुळतात.

तशा पट्ट्यांची एक पेटी माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात मी तिच्यातून माल हाताळणारी तीन वाहने केली : एक फोर्कलिफ्ट, ट्रकवर बसवलेली एक फिरती यारी आणि कंटेनर उचलून रचणारे, लांब हाताचे एक वाहन, ज्याला बंदरात रीच स्टॅकर म्हणतात. हीच तीन निवडण्याचे कारण एवढेच, की माझे वडील आयुष्यभर मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणारा माल मोजून वहीत मांडणे हे त्यांचे काम. ओझी मोजणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलो. ती उचलली कशी जातात, हे मला हाताने समजून घ्यावयाचे होते.

फोर्कलिफ्ट पाहताना आपले लक्ष पुढच्या दोन सुळ्यांकडे जाते. प्रत्यक्षात त्या वाहनाचे मर्म मागच्या बाजूस आहे. पुढच्या चाकांचा आस हा टेकू, सुळ्यांवरचे ओझे एका बाजूला आणि वाहनाच्या पाठीत दडवलेला लोखंडी भार दुसऱ्या बाजूला, अशी ती एक चालती तरफ आहे. माझ्या खेळण्यात आसापासून चार भोके पुढे, म्हणजे दोन इंचांवर, ओझे येत होते. मागे सहा भोकांवर, म्हणजे तीन इंचांवर, तराजूची दोनशे ग्रॅमची वजने बांधली. गाडीचे स्वतःचे वजन हिशेबात धरले नाही, तर तीनशे ग्रॅमांशी तोल साधावा, असे गणित. गाडीच्या वजनामुळे ती त्याहून थोडे अधिक पेलते. तेच ओझे सुळ्यांवर दोन भोके पुढे सरकवले, की मागची चाके जमीन सोडतात. ओझे ग्रॅमभरही वाढलेले नसते. खऱ्या फोर्कलिफ्टवरील पाटीवर म्हणूनच नुसते ‘इतके टन’ लिहून भागत नाही. सुळ्यांच्या मुळापासून किती अंतरावर, हेही लिहावे लागते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, हेही येथे उमगते. ओझे भरल्यावर सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. वळवायची ती हलकी राहिलेली चाके. आणि ती फारच हलकी झाली, तर वाहन उलटण्यापूर्वी वळेनासे होते. तो पहिला इशारा असतो.

यारीने निराळा धडा दिला. दोरी गुंडाळणाऱ्या आसावर सत्तावन्न दात्यांचे चक्र आणि हँडलच्या आसावर एकोणीस दात्यांचे लहान चक्र बसवले, की हँडलच्या तीन फेऱ्यांत दोरीचा आस एकदा फिरतो. ओझे तिपटीने हलके भासते, पण हात सुटला की हँडल गरगरा उलटे फिरते आणि ओझे खाली आदळते. ते रोखायला खटका बसवावा लागतो. लहान चक्राऐवजी मळसूत्री आट्याचे वर्म गिअर लावले, तर दोरीच्या आसाच्या एका फेरीसाठी हँडल सत्तावन्न वेळा फिरवावे लागते. काम कंटाळवाणे होते. परंतु आता हात सोडला तरी ओझे जागेवरच लटकत राहते. आट्याने चक्र फिरते. चक्राने आटा फिरत नाही. अधांतरी थांबलेले ते ओझे मी बराच वेळ पाहत राहिलो. पाठीवर पोते घेतलेल्या माणसाला नेमकी हीच सोय कधी मिळालेली नाही. ओझे वर असताना त्याला हात सोडता येत नाही, आणि नुसते उभे राहिले तरी तो थकतच असतो.

रीच स्टॅकरपाशी मात्र या संचाची मर्यादा दिसते. खऱ्या यंत्राचा हात दुर्बिणीसारखा लांब होतो आणि त्याच्या टोकाची चौकट कंटेनरच्या चार कोपऱ्यांतील भोकांत चार खुंट्या घालून त्या काटकोनात फिरवते. कंटेनर तेवढ्याने पकडला जातो. पट्ट्यांच्या सांगाड्यात लांब होणारा हात कसाबसा करता आला, पण त्या चार खुंट्या एकाच वेळी फिरतील अशी रचना साधत नाही. चार आकड्यांवर समाधान मानावे लागते. दात्यांमध्ये ढिलाई राहते, वारंवार हलवल्याने नट सैल होतात. एवढे दोष मान्य करूनही हातातील वाहन खरी अडचण प्रामाणिकपणे सांगते : हात जितका लांबवावा तितके पेलण्याचे ओझे कमी. बंदरात समोरच्या ओळीतील भरलेला कंटेनर सहज उचलणारे यंत्र मागच्या ओळीतील कंटेनरापुढे बरेच दुबळे ठरते, ते यामुळेच.

या तिन्ही वाहनांची परीक्षा करताना एक गोष्ट ध्यानात आली. खेळणे ताकदीविषयी खोटे बोलते आणि तोलाविषयी खरे बोलते. माझी वाहने खऱ्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाची आहेत. तेच खेळणे सर्व बाजूंनी वीस पट मोठे केले, तर त्याचे वजन आठ हजार पट वाढेल. परंतु ते पेलणाऱ्या पट्टीच्या छेदाचे क्षेत्रफळ केवळ चारशे पट वाढेल. म्हणजे प्रत्येक पट्टीवरचा ताण वीस पट होईल आणि खेळण्यात दिमाखाने उभी असलेली यारी स्वतःच्याच वजनाने वाकेल. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड का असावे लागते, हे याच न्यायाने समजावले होते. तेव्हा ‘माझ्या क्रेनने एवढे उचलले’ या बालसुलभ अभिमानात फारसा अर्थ नाही. लहान वस्तू फुकटच बळकट असते. तोलाचे तसे नाही. टेकूच्या दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात वाढतात, म्हणून जेथे खेळणे कलंडते तेथेच त्या घडणीचे खरे यंत्रही कलंडते. तोल हा लहानमोठ्याचा भेद मानीत नाही.

हे ध्यानात आले तेव्हा वडिलांचे एक बोलणे आठवले. ते म्हणत, ‘हमाल ताकदीवर पोते वाहत नाही, तोलावर वाहतो.’ त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले होते, की नवा, धिप्पाड गडी दुपारपर्यंत गळून जाई आणि हाडकुळा म्हातारा संध्याकाळपर्यंत त्याच चालीने फळी चढत-उतरत राही. म्हातारा पोते मानेमागे असे घेई, की त्याचा भार कण्यावरून सरळ टाचेत उतरावा. डोक्यावरची चुंबळ ही काही केवळ मऊ गादी नव्हे; भार मधोमध आणण्याची ती युक्ती आहे. फोर्कलिफ्टच्या पाठीतील लोखंड आणि पुढे ओझे असताना मागे कललेली हमालाची पाठ यांचे गणित एकच आहे. यंत्राने ते शोधून काढले नाही. ते आधीच कोणाच्या तरी अंगात मुरलेले होते.

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत ‘आयडियल एक्स’ हे जहाज अठ्ठावन्न कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले, तेव्हापासून पोत्यांचे जग पेट्यांचे होत गेले. आपल्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोदीतील गजबज हळूहळू ओसरली. शंभर किलोचे पोते माणसाच्या पाठीवरून गेले, याचे दुःख मानण्याचे कारण नाही. एका माणसाने पंचावन्न किलोंहून अधिक वाहू नये, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या आपल्या शिफारशीत सुचवले होते. त्याच्या जवळजवळ दुप्पट ओझे ज्यांच्या मणक्यांनी सोसले, त्यांच्या श्रमाचे गोडवे गाणे हे न वाहणाऱ्यांना शोभणारे काम नव्हे. तथापि ओझ्याबरोबर माणूसही हिशेबातून उतरवला गेला, हेही तितकेच खरे आहे. गोदी कामगारांच्या रोजगारासाठी १९४८ चा कायदा आणि बाजारपेठांतील माथाडी व हमालांसाठी महाराष्ट्राचा १९६९ चा कायदा झाला, त्यामागे माणूस मोजला जावा एवढीच मागणी होती. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरून आलेला आहे. कंटेनरला माथा लागत नाही.

खेळण्यात ही उणीव अधिकच जाणवते. माझ्या तिन्ही वाहनांत चालकाची जागा आहे. ओझे वाहणाऱ्याची नाही. कंटेनर म्हणून जो पत्र्याचा डबा मी उचलत होतो, तो रिकामा होता. त्यात काय आहे, ते कोणी भरले, कोठे उतरेल, हे त्या खेळात कोणी विचारीत नाही. वडिलांच्या वहीत मात्र प्रत्येक रेघेसमोर मालाचे नाव असे : सुपारी, खजूर, गंधक, कापड. आठ-आठ रेघांनंतर थांबून ते पोती उतरवणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत, असे ते सांगत. त्यांच्या मते मोजणीतील चूक वहीत दिसण्याआधी थकलेल्या चेहऱ्यावर दिसते.

तेव्हा या संचाचे मोल काय ठरवावे? यंत्र म्हणून तो सच्चा आहे. तरफ, कप्पी, दंतचक्र आणि आटा यांविषयी तो मुलाला जे सांगतो, ते पुढे अभियांत्रिकीच्या वर्गातही खोटे ठरत नाही. तोलाच्या बाबतीत तर त्याच्याइतका स्पष्टवक्ता शिक्षक विरळा. फक्त त्याच्याकडून ओझे काय असते हे कळत नाही, कारण त्याने ते आधीच हलके करून ठेवलेले असते. म्हणून ही पेटी पुढच्या महिन्यात माझ्या नातीकडे जाईल, तेव्हा तिच्याबरोबर एक दळणाची पिशवीही असेल. दहा किलो गहू, गिरणीपर्यंतचा रस्ता, आणि पिशवी कधी हातात, कधी खांद्यावर, कधी डोक्यावर. परत आल्यावर मग पट्ट्या काढाव्यात. फोर्कलिफ्टच्या पाठीत लोखंड कशासाठी भरतात, हा प्रश्न तोवर तिच्या खांद्याने विचारलेला असेल.