मातीचा खणखणीत स्वर

उन्हाळा तोंडावर आला की पिंपळगाव राजाच्या बाजारात माठांची रास लागायची, आणि आजी वाकून एकेका माठाला कान लावत, बोटाच्या पेराने टिचकी मारत पुढे सरकायची. तडा गेलेला माठ बद्द बोलायचा. नीट भाजलेला असा खणखणायचा की भर उन्हातही तो आवाज अंगाला गार लागावा. "वाजवून पाह्य, मंगच घे," ती म्हणायची, आणि माठ ठरून गेल्यावरही मी आपला वाजवतच राहायचो.

तो नाद पुढे एका रात्री टेपरेकॉर्डरमधून अवचित उमटला. खामगावच्या मित्राने भरून दिलेली कॅसेट होती, 'शक्ती'ची. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, एल. शंकरचे व्हायोलिन, आपल्या माहीमच्या झाकीर हुसेनचा तबला, राघवनचा मृदंगम् आणि विक्कू विनायकरामचा घटम, म्हणजे मातीचा माठच. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरच्या साउथॅम्प्टन कॉलेजात रंगलेली ही मैफल. पुढच्या वर्षी या गटाची पहिली तबकडी म्हणून तीच बाहेर आली. त्यातल्या 'जॉय' या रचनेची ती १८ मिनिटे! सगळे जीव तोडून धावत असतात आणि त्या धावण्याच्या तळाशी मातीचे भांडे बोलत असते, कधी पोटातून घुमून, कधी काठावर नखाने टिपल्यासारखे. मी टेप मागे फिरवायचो. पुन्हा ऐकायचो. अहाहा!

महाविष्णू ऑर्केस्ट्रा या आधीच्या गटात विजेच्या गिटारीचा कडकडाट करणाऱ्या मॅक्लॉफ्लिनने मांडी घालून लाकडी गिटार हाती घेतली, तेव्हा त्याचे रॉकवेडे चाहते हिरमुसले. कोलंबिया कंपनीला हवा होता तसा खपही झाला नाही. तीन तबकड्या निघाल्या आणि गट पांगला. हे वाचले तेव्हा मला आतून वाईट वाटले. गडगडाटाची वाट पाहत बसलेल्या कानांना हे बारीक काम ऐकू तरी कसे यावे?

पुढे 'शक्ती' पुन्हा जमली, आणि २०२४मध्ये तिच्या 'धिस मोमेंट' या तबकडीला ग्रॅमी मिळाले. त्यात विनायकरामचा मुलगा सेल्वगणेश वाजवतो. त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. सन्मानाचा आनंद आहेच. तरी मला विचाराल तर पाच जणांनी समोर बसलेल्या माणसांसाठी वाजवलेली ती पहिली तबकडीच सर्वांत जिवंत आहे. 'शक्ती' ऐकायला बसलात, तर आधी तीच लावा, आणि 'जॉय' अर्ध्यावर तोडू नका.