न दिसणारे काम

काही कामांची गंमत अशी असते, की ती नीट झाली म्हणजे झालीच नाहीत असे वाटते. विहिरीतला गाळ काढणाऱ्याचेच पाहा. चार दिवस तो चिखलात उभा राहतो, घमेल्यामागून घमेली वर पाठवतो, आणि पाचव्या दिवशी पाहावे तो रहाट तोच, पोहरा तोच, पाणीही तेच! "मग एवढे पैसे कशाचे घेतलेस बाबा?" असे कुणी विचारले तर तो बिचारा काय सांगणार? त्याच्या कामाचा पुरावा मे महिन्यात मिळायचा असतो, आणि तोवर लोक त्याला विसरलेले असतात.

माझा धंदा थोडाफार असाच आहे. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, असे मी लोकांना सांगतो खरा. पण हिशेब मांडला तर माझी निम्मी वर्षे इतरांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम निस्तरण्यात गेली आहेत. या निस्तरण्याला आमच्यात 'रीफॅक्टरिंग' असे भारदस्त नाव आहे. विल्यम ऑपडाइक यांनी १९९२ साली इलिनॉय विद्यापीठात त्यावर पीएच.डी.चा प्रबंध लिहिला, आणि १९९९ साली मार्टिन फाउलर यांनी एक जाडजूड पुस्तक लिहून तो शब्द घरोघर पोचवला. घरोघर म्हणजे अर्थात आमच्या धंद्यातल्या घरोघर. शब्दाचा अर्थ सोपा आहे. प्रोग्रॅम बाहेरून जे काम करतो त्यात तसूभरही फरक पडू द्यायचा नाही. आतली मांडणी मात्र अशी बदलायची, की पुढच्या माणसाला ती वाचता यावी आणि न घाबरता तिच्यात हात घालता यावा.

एकदा आईने विचारले, "तू दिवसभर त्या पडद्यापुढे बसून करतोस तरी काय रे?" तेव्हा मी तिला हे सारे समजावून सांगितले. आईचे वय ८२. सारा जन्म मराठी शिकवण्यात गेला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे आमच्या अनुस्वारांसारखेच की!"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. आई शाळेत शिकली तेव्हा 'कांहीं', 'घरांत', 'त्यांनीं' असे लिहिण्याची रीत होती. पुढे १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, आणि ज्यांचा उच्चार होत नव्हता ते अनुस्वार गेले. वाक्याचा अर्थ तोच, उच्चार तोच. पानावरची टिंबे तेवढी झडली. आईने जन्मभर मुलांना नवे नियम शिकवले, पण स्वतःच्या किराणा मालाच्या यादीवर आजही ती 'कांदे' आणि 'कांहीं' दोन्हींवर सारख्याच प्रेमाने टिंब देते.

"पण आई," मी म्हटले, "नांव आणि नाव यांचे काय? माणसाचे नांव आणि नदीतली नाव, दोन्ही आता एकच झाली."

"वाक्यावरून कळते," ती म्हणाली. "वाचणाऱ्याला डोके असते ना?"

तिथेच तर सारी ग्यानबाची मेख आहे! संगणकाला ते नसते. आणि रात्री अकरा वाजता गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर दुसऱ्याचा कोड वाचायला बसलेल्या माणसालाही ते फारसे उरलेले नसते.

गेली चार वर्षे मी ज्या प्रोग्रॅमच्या सेवेत आहे तो कल्याणच्या एका घाऊक किराणा व्यापाऱ्याची बिले करतो. आमच्या कचेरीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तो १९९८ साली लिहायला घेतला. त्यांना आम्ही नुसतेच 'सर' म्हणतो. पहिल्यांदा मी तो प्रोग्रॅम उघडला तेव्हा एखाद्या जुन्या वाड्यात दिवा न घेता शिरल्यासारखे वाटले. एका ठिकाणी 'टेंप' असे नाव होते, पुढे 'टेंप-नवा' होते, आणि आणखी तीनशे ओळींनंतर 'टेंप-नवा-खरा' भेटला. बिल करणारे एकच फंक्शन एकोणीसशे ओळींचे! आणि जिथे तिथे बारा. हा बारा कुठे वर्षाचे महिने होता, कुठे खोक्यातल्या डझनभर वड्या होत्या, तर कुठे कराचा दर. कुठला बारा कोणता, हे आजूबाजूच्या ओळींवरून ताडावे लागे. आईच्या भाषेत, वाक्यावरून.

हे वाचून सरांविषयी कुणाचा गैरसमज होऊ नये. असा कोड आळशी माणसे लिहितात, अशी कॉलेजातून नव्याने आलेल्या मुलांची समजूत असते. मला ती पटत नाही. जकात होती, विक्रीकर होता, मग २००५ साली व्हॅट आला, २०१७ साली जी.एस.टी. आला. दर वेळी सरकारने तारीख ठरवायची आणि सरांनी रात्री जागवायच्या! प्रत्येक ठिगळ त्या त्या रात्री शहाणपणाचेच होते. मेयर लेहमन नावाच्या संशोधकाने १९७०च्या दशकातच सांगून ठेवले आहे, की वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलावाच लागतो, आणि मुद्दाम कष्ट घेतले नाहीत तर त्याची गुंतागुंत वाढतच जाते. सरांना बदल करायला वेळ मिळाला. ते मुद्दामचे कष्ट घेण्यासाठी कुणी कधी दिला नाही.

मलाही तो सहजासहजी मिळाला नाही. मी मालकांकडे सहा महिने मागितले.

"यातून गिऱ्हाइकाला नवीन काय दिसेल?"

"काहीच नाही."

"बिल लवकर निघेल?"

"नाही. होते तसेच निघेल."

"मग पैसे कोण देणार हो?"

प्रश्न रास्त होता. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली यावर एक उपमा काढली होती, तीच मी पुढे केली. हे कनिंगहॅम गुंतवणुकीच्या व्यवहाराचा प्रोग्रॅम करीत होते, तेव्हा त्यांनी पैशाचीच भाषा वापरली यात नवल नाही. घाईने लिहिलेला कोड म्हणजे कर्ज. ते काढण्यात वाईट काही नाही. पण फेडले नाही तर पुढच्या प्रत्येक बदलाच्या वेळी व्याज भरावे लागते. मी मालकांना आमच्या व्याजाचा आकडा दाखवला: आधी एक रकाना वाढवायला दोन दिवस लागत, आता अकरा लागतात. मालक कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तीन महिने."

आमच्यातल्या एका तरुण मुलीला हेही पसंत नव्हते. तिचे म्हणणे, जुने सगळे फेकून द्यावे आणि नवे कोरे लिहावे. वाडा पाडून टॉवर बांधण्याच्या आजच्या युगाला ते साजेसेच होते. मी तिला नेटस्केपची गोष्ट सांगितली. एके काळी इंटरनेट म्हणजे नेटस्केप असे समीकरण होते. १९९८ साली त्यांनी आपल्या ब्राउझरचा कोड नव्याने लिहायचे ठरवले; पाचवी आवृत्ती आलीच नाही, आणि सहावी आली ती २०००च्या नोव्हेंबरात. तोवर मायक्रोसॉफ्टने बाजार काबीज केला होता. मुलगी म्हणाली, "सर, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!" पण कामाला लागली, आणि सांगायला हरकत नाही, की माझ्यापेक्षा चिकाटीने लागली.

काम कसे चालते तेही सांगतो, कारण त्यात एक विलक्षण शिस्त आहे. आधी आम्ही जुनी आठ हजार बिले काढली. जुन्या प्रोग्रॅमने जो आकडा दिला तोच आपल्या प्रोग्रॅमने द्यायचा, पैशाचाही फरक नाही. मग एक छोटासा बदल करायचा, एखादे नाव बदलायचे किंवा चाळीस ओळी वेगळ्या काढून त्यांना स्वतंत्र नाव द्यायचे. आणि लगेच आठही हजार बिले पुन्हा करून पाहायची. जुळली तर पुढे. न जुळली तर तो बदल मागे घ्यायचा. 'टेंप-नवा-खरा' याचे 'सवलतीनंतरची रक्कम' झाले, त्या दिवशी आम्ही दोघांनी वडापाव मागवला.

यात मोह फार. सरांचा प्रोग्रॅम प्रत्येक ओळीवर पैसे पूर्णांकात आणत होता; माझ्या मते ते शेवटच्या बेरजेवर करायला हवे. पण रीफॅक्टरिंग करताना मत बाजूला ठेवायचे असते. फाउलरच्या पुस्तकात केंट बेक यांची दोन टोप्यांची कल्पना आहे: एक टोपी नवे काम घालण्याची, दुसरी जुने आवरण्याची, आणि एका वेळी डोक्यावर एकच. मी टोपी घट्ट धरून बसलो.

दीड महिना गेला आणि आम्हाला चारशे सतरा सापडला.

एका कोपऱ्यात तीन ओळी होत्या. गिऱ्हाइकाचा क्रमांक ४१७ असेल तर गाडीभाडे लावू नये. बस्स. कारण नाही, तारीख नाही. मुलगी म्हणाली, "हे मेलेले असणार. काढून टाकू या." तिचे चूक नव्हते. मेलेला कोड ठेवणे धोक्याचेच. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या दलाली कंपनीत, २००३पासून वापरात नसलेला कोडचा तुकडा एका संगणकावर अचानक जागा झाला आणि सुमारे पाऊण तासात कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले. तो तुकडा वेळीच काढला असता तर! पण आमच्या आठ हजार बिलांत चारशे सतराची एकोणीस बिले होती. म्हणजे हा मेलेला नव्हता.

आम्ही सरांकडे गेलो. सरांना आमचे काम मनातून आवडत नव्हते, हे मला ठाऊक होते. आपल्या घरातली भांडी कुणी नव्याने लावत असेल तर कुणाला आवडेल? त्यांनी चष्मा पुसला, त्या तीन ओळींकडे पाहिले आणि हसले. इतक्या दिवसांत प्रथमच.

"सव्वीस जुलै," ते म्हणाले.

२००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी कल्याणातही पाणी शिरले होते. व्यापाऱ्याच्या वखारीत पाणी चढू लागले तेव्हा जवळच्या एका लहान दुकानदाराने आपला माळा उघडून दिला. रात्रभर पोती वर चढवली. साखर वाचली, डाळ वाचली. पाणी ओसरल्यावर व्यापाऱ्याने सरांना फोन केला: या माणसाच्या बिलाला गाडीभाडे लावायचे नाही, मी असेपर्यंत आणि नंतरही. सरांनी त्याच रात्री तीन ओळी लिहिल्या. कारण लिहायला तेव्हा फुरसत कुणाला होती?

मुलगी काही बोलली नाही. तिने त्या ओळी काढल्या, पण फेकल्या नाहीत. गाडीभाड्यातून सूट असलेल्या गिऱ्हाइकांचा एक तक्ता केला. त्यात क्रमांक आणि शेवटी 'कारण' असा रकाना. बिले पुन्हा केली. आठ हजारही जुळली.

पुढे सप्टेंबर २०२५ उजाडला. ३ तारखेला जी.एस.टी.चे नवे दर जाहीर झाले आणि २२ तारखेला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी लागू व्हायचे ठरले. तूप, लोणी, फरसाण १२वरून ५वर. साबण, टूथपेस्ट १८वरून ५वर. एव्हाना आमचे कराचे दर एका तक्त्यात होते आणि महिने, वड्या आपापल्या जागी. २१ तारखेच्या रात्री मी घरी जेवलो आणि साडेदहाला झोपलो. दुसऱ्या दिवशी एकही फोन आला नाही. मालकांनी संध्याकाळी येऊन विचारले, "या वेळी बदल करायचे होते ना? झाले का?"

सर या मार्चमध्ये निवृत्त झाले. जाण्याआधी एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तो तक्ता दाखवा." मी उघडला. 'कारण'च्या रकान्यात मुलीने लिहिले होते: 'पुरातील मदत, २००५.' सरांनी मान हलवली. एवढे पुरायचे नाही म्हणाले. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी टंकत गेलो: वखारीत किती पोती होती, जिना किती अरुंद होता, दुकानदाराच्या बायकोने मेणबत्ती धरून रात्रभर चहा कसा पुरवला. दोनदा थांबवून त्यांनी पोत्यांचा आकडा दुरुस्त केला. रकान्यात अक्षरे मावेनात, तेव्हा मी तो मोठा करून दिला.