बहिया होंडाचा जुना पूल

चाके लावलेल्या घरात चार दिवस राहायचे, हे फ्लोरिडातील शाळासोबत्याचे आमंत्रण आम्ही पती-पत्नींनी आनंदाने स्वीकारले. मायामीस पोहोचल्यावर मात्र कळले की, त्याच गाडीत आणखी एक दांपत्य येणार आहे: वसईतले आमचे शेजारी! आमची बालपणापासूनची मैत्री. परंतु घर बांधण्यासाठी त्याने सामाईक बावखलातील आपला भाग मातीने भरला आणि तेव्हापासून नऊ वर्षे आमच्यात अबोला होता. यजमानाने ही गोष्ट मुद्दाम लपवून ठेवली होती.

'आर. व्ही.' म्हणजे एका बसगाडीत बसवलेला संसार. चूल, न्हाणीघर, झोपायच्या फळ्या सारे हाताशी. अशा घरात रुसून बसायला कोपरा नसतो. तरीही पहिला दिवस आम्ही दोघे यजमानामार्फतच बोललो.

मायामीच्या दक्षिणेस बेटांची माळ थेट की वेस्टपर्यंत गेली आहे. हेन्री फ्लॅगलर यांनी समुद्रावरून रेल्वे नेली आणि १९१२ साली पहिली गाडी की वेस्टला पोहोचली. उथळ पाण्यात भराव टाकले, खोल पाण्यावर पूल बांधले. २ सप्टेंबर १९३५ रोजी महाभयंकर वादळ झाले. रस्त्याच्या कामावर असलेले पहिल्या महायुद्धातील माजी सैनिक तकलादू छावण्यांत राहत होते. त्यांना आणण्यासाठी निघालेल्या आगगाडीचे डबे इस्लामोराडा येथे लाटेने उलथवले. इंजिन तेवढे रुळांवर उभे राहिले. चारशेहून अधिक माणसे दगावली. तेथील स्मारकापाशी आम्ही सर्वांनी मृतांसाठी प्रार्थना केली.

सात मैलांचा पूल ओलांडून आम्ही बहिया होंडा उद्यानात मुक्काम केला. या स्पॅनिश नावाचा अर्थ 'खोल उपसागर'. पांढरी वाळू, हिरवेनिळे पाणी, माडांची झुळझुळ; अर्नाळ्याची आठवण व्हावी असा किनारा. समोर जुना रेल्वेपूल, मधला भाग काढून टाकलेला. वादळानंतर रेल्वे गेली. पुलाच्या लोखंडी सांगाड्यातून दोन मोटारी जाण्याइतकी रुंदी नव्हती, म्हणून सांगाड्याच्या माथ्यावरच रस्ता केला. १९७२ साली शेजारी नवा पूल झाला.

रात्री चिलटांनी झोपू दिले नाही. बाहेर खुर्चीवर येऊन बसलो, तर शेजारी आधीच तेथे होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "भराव वाहून गेले, पूल राहिले. पाणी आपली वाट सोडत नाही रे. गेल्या पावसात माझ्या ओटीवर गुडघाभर पाणी होते."

'मी तेव्हाच सांगितले होते,' हे शब्द ओठांवर आले होते. पण त्याच क्षणी त्याच्या आईचा अंत्यविधी आठवला. त्या माउलीने मला लहानपणी स्वतःच्या मुलाच्या ताटात जेवू घातले होते. आणि मी मात्र खिडकी लावून घरात बसलो होतो. बावखल त्याने बुजवले, हे खरे. पण खिडकी तर मीच लावली होती!

"तुझ्या आईच्या मातीला मी आलो नाही. माझे चुकले," मी म्हणालो.

"शवपेटी उचलताना मी तुझ्या दाराकडे पाहिले होते," एवढेच तो बोलला.

सकाळी सांडपाण्याची टाकी रिकामी करायची पाळी आमची होती. नळी त्याने धरली, झडप मी उघडली. त्या दुर्गंधीत दोघेही मनसोक्त हसलो.

रविवारी साठएक किलोमीटरवरील की वेस्टला, 'समुद्रतारका मारिया' बॅसिलिकात मिस्साला गेलो. आवारात लूर्द मातेचा ग्रोटो आहे. तीन वादळे अनुभवलेल्या सिस्टर लुई गॅब्रिएल यांनी तो १९२२ साली उभारला. हा ग्रोटो असेतो शहरावर वादळाचा पूर्ण घाला पडणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. वेदीपाशी अर्पण ठेवण्याआधी भावाशी समेट कर, ही प्रभूची आज्ञा मी कितीदा ऐकली होती; त्या नऊ वर्षांत एकही रविवार चुकवला नव्हता! शांतिचिन्हाच्या वेळी त्याने प्रथम हात पुढे केला.

बावखल अजून भरलेलेच आहे. घर पाडून ते कोण मोकळे करणार? उरलेल्या अर्ध्यातला गाळ मात्र यंदा आम्ही दोघांनी मिळून काढला. आणि २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिनी, त्याच्या आईच्या कबरीवर मी मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती विझू नये म्हणून त्याने ओंजळ धरली होती.