घाटावरचं कोशेर

कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणेचा, स्वयंपाक हे फार जड काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोकणातल्या बेने इस्राएली ज्यू घरात कधी जेवलेलं नसतं. मांस आणि दूध एका जेवणात येऊ द्यायचं नाही, हा आमचा मोठा नियम. मटणाला ना तूप, ना दही. युरोपातल्या ज्यू बायका त्यासाठी हंसाची आणि कोंबडीची चरबी कढवून बरण्यांत भरून ठेवत. अलिबाग, रेवदंडा, पेणकडच्या आमच्या आज्यांना ती खटपट करावीच लागली नाही, कारण परसात माड होता. रश्श्याला नारळाचं दूध, गोडाला गूळ आणि पुन्हा नारळ. तेलाचं तर विचारायलाच नको. आमचे पूर्वज घाण्यावर तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. धर्माचा निम्मा भार कोकणच्या जमिनीनेच उचलला होता, असं मला मनापासून वाटतं.

लग्नानंतर मी बेळगावच्या वडगावात आले आणि हा आधार सुटला. घाटावरचं जेवण दूधदुभत्यावर उभं. भाकरीवर लोण्याचा गोळा, जेवणाशेवटी ताक, आणि पाहुणा आला की कुंदा. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून आटवून केलेलं खरपूस सोनंच, पण आमच्याकडे मटण शिजलं त्या दुपारी तो डब्यातून बाहेर येत नाही. पातेली, पळ्या, ताटं दोन वेगळ्या फळ्यांवर. दुधाची खिडकीकडे, मांसाची दाराकडे. नव्या सुनेला मी एवढंच सांगते, की आधी जेवण कुठलं ते सकाळी ठरव, मग चूल पेटव. पुढचं सगळं त्यातून आपोआप सरळ होत जातं.

मटणापेक्षा मासळी सोपी. पर असलेली आणि खवल्यांची मासळी चालते. बांगडा, सुरमई, रावस, पापलेट ही आमची. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी नाही. वडगावात मासे गोव्याकडून, कारवारकडून घाट चढून येतात, आणि मासेवाली मावशी सवयीने आधी खवले उडवायला घेते. तिला थांबवावं लागतं. खवला नखाने उचलला की कातडी न फाटता सुटला पाहिजे. तुकडे करून, सोलून ठेवलेली मासळी मी घेत नाही, कितीही ताजी असो. आता मावशीच म्हणते, “वहिनी, तुमचा बांगडा बाजूला ठेवलाय, हात लावला नाही.”

मांसाचं मात्र काम आहे. पूर्वी कोकणात प्रार्थना चालवणारे हझान स्वतः रीतीप्रमाणे कोंबडी, बकरा कापायचे. तसा माणूस जवळ नसेल तर मांस नाही; त्यात मनाची समजूत काढायला जागा नाही. मिळालंच तर अर्धा तास पाण्यात, मग जाडं मीठ चोळून तासभर तिरप्या फळीवर, म्हणजे रक्त निथळून जातं, मग तीन पाण्यांनी धुणं. काळजाचं मिठाने भागत नाही, ते उघड्या आचेवर भाजावं लागतं. आषाढात वडगावच्या मंगाई देवीच्या यात्रेला गल्लीभर मटण शिजतं. शेजारणी मला ताट पाठवत नाहीत, नारळ आणि केळी पाठवतात. आम्हाला ते मटण चालत नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सगळं शिजून तयार हवं, कारण तेव्हा शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, लागतो आणि मग विस्तव पेटवायचा नाही. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाला, आम्ही काळ्या मनुकांचं सरबत करतो. मनुका रात्री भिजवायच्या, त्याच पाण्यात कुस्करून फडक्यातून पिळायच्या. तासगावचा काळा बेदाणा इथे सहज मिळतो, आणि त्याचा रस मुंबईत मिळणाऱ्या मनुकांपेक्षा दाट उतरतो, असं माझं मत आहे.

सणांचे पदार्थ तर सगळे मराठीच. बिरड्याच्या रोजाला मोड आणून सोललेल्या वालांचं बिरडं. हा आमचा जेरुसलेमच्या मंदिराच्या शोकाचा उपास, आणि तो वालावर सुटतो. नवस फिटला, घर बांधलं, लग्न ठरलं की एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं आणि गुलाब. पेसाहला, म्हणजे वल्हांडणाच्या सणाला, आंबवलेलं काही नको, म्हणून आमच्या घरात तांदळाची भाकरी. पुण्यात 1874 साली छापलेल्या, पेसाहला वाचायच्या मराठी हगादात बिनखमिराच्या रोट्या करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. त्या लुगडं नेसून जमिनीवर बसल्या आहेत, आपण बसतो तशाच.

पण ज्या पदार्थाने मला वडगाव जवळचं केलं तो नव्याच्या सणाचा, म्हणजे आमच्या नववर्षाचा, चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, वाटून, पिळून चीक काढायचा आणि तो बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. कोकणात हे काम मी आईकडेच पाहिलेलं. इथे आल्यावर कळलं, की हीच कला गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या हातात आहे! उन्हाळ्यात कुरडयांसाठी त्या हाच चीक काढतात. गहू किती आंबला हे त्या वासावरून सांगतात, माझ्यापेक्षा नेमकं. घाटावर सगळं दुधावरच चालतं हे माझं मत तिथे बदललं.

चीक त्यांच्या पद्धतीने, पुढचं माझ्या. नारळाचं पहिलं दाट दूध, साखर, चिमूट मीठ, आणि चीक पातळ करून घालायचा. मग हात थांबवायचा नाही. गुठळी एकदा झाली की ती मोडत नाही. आधी मिश्रण पांढरं दिसतं, मग कडेने पारदर्शक होतं, मग जड होऊन पळीला धरून फिरतं. नारळाचं तेल कडेने सुटायला लागलं की अजून थोडा वेळ, कारण लवकर उतरवलेला हलवा थाळीत चिकट राहतो. वेलची, बदाम, पिस्ते, आणि तेल लावलेल्या थाळीत ओतायचं. पूर्ण गार झाल्यावरच वड्या कापायच्या. त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नसतो, म्हणून मटणाच्या जेवणावरही चालतो आणि दुधाच्या जेवणावरही. सणाच्या आदल्या दिवशी दोन नारळ जास्त आणून ठेवावेत. ढवळायला शेजारच्या काकू आल्या, की त्यांच्याही घरी एक थाळी द्यावी लागते.