उंबरा बदलताना



उंबराचे फळ आपण खात नाही. त्यात त्रसजीव असतात, म्हणून पंच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाच्या आठ मूलगुणांत सांगितला आहे. दारातल्या उंबऱ्याचे नाव मात्र याच झाडाशी जोडलेले. संस्कृतात ‘उदुंबर’ शब्दाचा एक अर्थ उंबरठा असाही आहे. यंदा आमच्या उंबऱ्यातही जीव निघाले.

उंबरा सागवानी, सासऱ्यांच्या वेळचा. दार पश्चिमेला, त्यामुळे पावसाची झड थेट त्यावर. माघात रांगोळी काढताना लाकूड बोटाखाली दबले. वरून रंग शाबूत, आत वाळवी.

सुतार म्हणाला, “काकू, आधी औषध मारू, मग नवा उंबरा बसवू.” मुलाचेही तेच मत. वाळवी चौकटीत चढली तर सगळे दारच जाईल, ही त्याची काळजी खोटी नव्हती. 84 वर्षांच्या सासूबाई एवढेच बोलल्या, “मारायचं नाही गं.”

वाळवी हा त्रीन्द्रिय जीव. शास्त्रात हिंसेचे चार प्रकार आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सोडायची. घरकामातली आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण जपून वागले तर कमी होते. औषध मारायचे ते जीव मरावेत म्हणूनच. कुजलेले लाकूड हलवताना तो हेतू नसतो. मी कॉमर्सची पदवीधर, हिशेब मांडायची सवय. इथे बाकी शून्य येणार नाही, हे मला दिसत होते. तरी दोन रकमा सारख्या नव्हत्या.

वाळवीला ओल लागते आणि मातीचा आसरा लागतो. म्हणून लाकडाऐवजी दगड घ्यायचे ठरले. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते, तेव्हा काम चैत्रातच उरकले. सुताराने चौकटीच्या बाह्यांचा कुजलेला भाग तेवढा कापला. जुना उंबरा तो चुलीसाठी नेणार होता. मी तो मागून घेतला आणि शेताच्या बांधावर सावलीत मातीला टेकवून ठेवला. मुलगा हसला, पण उचलायला तोच आला.

गवंड्याने काळ्या कडप्प्याचा उंबरा बसवला. बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, खालच्या कडेला बारीक खाच पाडली, म्हणजे पाणी आत न ओघळता बाहेरच टपकते. जुना उंबरा चार इंच उंच होता, हा एक इंच. सासूबाईंचा वॉकर आता न अडखळता बाहेर जातो. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली. आठवडाभर ओले पोते टाकून, गाळलेले पाणी शिंपडले. तेवढे दिवस सगळे मागच्या दाराने.

दगड लावला म्हणून वाळवी येणारच नाही असे नाही. पण ती दगडावरून चढू लागली की मातीची नळी दिसते. आठवड्यातून एकदा चौकटीच्या बुडाशी बघायचे. नळी दिसली तर आधी ओल कुठून येते ते शोधायचे, ती बंद करायची. औषधाच्या डब्याकडे हात जाण्याची वेळ येऊ नये, यासाठी ही नजर.

सख्यांनो, पावसाळ्याला अजून वेळ आहे. दारातली रांगोळी काढताना उंबरा एकदा बोटाने दाबून पाहा. पोकळ लागला तर चातुर्मासाआधीच सुताराला बोलवा.

जय जिनेंद्र.