चुका झाल्या

शुक्रवारची रात्र ऑफिसातच गेली. घरी आलो तर झोप उडालेली. म्हणून लॅपटॉपवर 'फ्रॉस्ट/निक्सन' लावला. रॉन हॉवर्डचा २००८ चा सिनेमा, पीटर मॉर्गनच्या नाटकावरून केलेला. वॉटरगेटमुळे ९ ऑगस्ट १९७४ ला पायउतार झालेले रिचर्ड निक्सन, आणि १९७७ मध्ये सहा लाख डॉलर मोजून त्यांची मुलाखत घेणारा डेव्हिड फ्रॉस्ट. फोर्डने माफी दिल्यामुळे निक्सनवर खटला चाललाच नाही, त्यामुळे ही मुलाखत हाच खटला!

आमच्या आजोबांसमोर निक्सनचं नाव काढायची सोय नाही. १९७१ मध्ये याच माणसाने बंगालच्या उपसागरात सातवं आरमार धाडलं होतं. त्यामुळे मी तसा पूर्वग्रह घेऊनच बसलो होतो. पण फ्रँक लँजेलाने पंचाईत केली. त्याचा निक्सन पैशाला चिकट, विनोदी, मधूनच टोचून बोलणारा आणि भयंकर एकटा आहे. रात्री दारू पिऊन तो फ्रॉस्टला फोन करतो, 'तुला-मला त्या बड्या लोकांनी कधी आपलं मानलंच नाही' अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, आणि चक्क वाईट वाटतं हो!

नंतर कळलं, असा फोन झालेलाच नाही. तो मॉर्गनने रचलाय. म्हणजे ज्या प्रसंगात मी विरघळलो, नेमका तोच खोटा. लेखकाने निक्सनला माणूस केलं हे मान्य, पण त्यासाठी हिशोबात थोडी सूट दिली असं मला वाटतं.

खरा प्रसंग मात्र सिनेमात आहे. निक्सन 'चुका' म्हणतात, आणि फ्रॉस्ट विचारतो, चुका हा शब्द पुरेसा आहे का? खऱ्या मुलाखतीतही त्याने हे विचारलं होतं. आणि तिथेही निक्सननी लोकांचा विश्वासघात केल्याचं मानलं, गुन्हा केल्याचं नाही.

इथे मी पॉज केलं. कारण शुक्रवारी क्लायंटला गेलेला मेल मीच लिहिला होता. 'चुकीची स्क्रिप्ट रन झाल्याने डेटा डिलीट झाला.' रन झाली म्हणे! आपोआप? एंटर मी दाबलं होतं. टीममध्ये सगळ्यांचा संशय नव्या पोरावर आहे, आणि तो बिचारा शुक्रवारपासून गप्प आहे.

असो. उरलेला सिनेमा रविवारी पाहिला. त्याआधी त्या पोराला फोन केला.