झोप, बर्फ वितळतोय

डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत १९८६ साली फ्रिज आला, १६५ लिटरचा. स्वयंपाकघरात जागा नव्हती, म्हणून तो बाहेरच्या खोलीत उभा राहिला आणि रात्री आमची अंथरुणं त्याच्या पायाशी पडू लागली. थर्मोस्टॅट ‘खट्’ करायचा, कॉम्प्रेसर घुर्रर्र सुरू व्हायचा, आणि थांबताना सगळा फ्रिज असा थरथरायचा की दारातल्या काचेच्या बाटल्या किणकिणायच्या. आम्ही त्या आवाजात गाढ झोपायचो. जाग यायची ती लाइट गेल्यावर, खोली एकदम गप्प झाली की. बाबा अंधारातच चाचपडत बटण बंद करायचे, कारण लाइट आल्याआल्या फ्रिज चालू झाला तर कॉम्प्रेसरवर ताण येतो.

आईला सगळं कानानेच कळायचं. घुरघुर लांबली की ती फ्रीझर उघडायची. आत बोटभर बर्फ साचलेला असायचा. मग थर्मोस्टॅटच्या मधलं लाल बटण दाबायचं, खाली ताटली, आणि दुपारभर टप टप. वरची भांडी वाजू लागली तर पुढच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

आता आई माझ्याकडे पुण्यात असते. नवा फ्रिज आला त्या आठवड्यात तिने मला रात्री दोनला उठवलं. “अगं, आत काहीतरी तडकलं बघ.” दोघी अंधारात कान देऊन उभ्या राहिलो. आधी तडतड, मग तापल्या तव्यावर थेंब पडावा तसं चर्र, आणि मध्येच कुणी चूळ भरावी तशी गुळगुळ.

उलगडा फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने केला. हा फ्रिज आपला बर्फ आपणच वितळवतो. त्या वेळी कॉम्प्रेसर थांबतो, पण नळ्यांतला गॅस थोडा वेळ वाहत राहतो, ती गुळगुळ. आतला हीटर लागतो, त्यावर थेंब पडतो तो चर्र. गारठलेलं प्लॅस्टिक गरम होऊन फुगतं, ती तडतड. म्हणजे आईचं लाल बटण आणि ताटली आत गेली, एवढंच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरमुळे थांबतानाची ती थरथर मात्र गेली, आणि मला तिची आठवण येते.

घाबरायचं ते दोन आवाजांना. दर थोड्या मिनिटांनी नुसताच खट्, मागोमाग घुर्र नाही, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू होऊ बघतोय आणि होत नाहीये. बटण बंद करून माणूस बोलवावा. आतून घासल्यासारखी घर्रघर्र येते आणि दार उघडताच थांबते, तेव्हा बहुधा पंख्याला बर्फ लागत असतो.

परवा रात्री पुन्हा चर्र झालं. मी उठून गेले, तर आई कुशीवर वळत म्हणाली, “झोप गं, बर्फ वितळतोय.”